खेळणं म्हणून हिणवू नका, जादू म्हणून विकूही नका

कमी ताकदीच्या एमआरआयचा विषय निघाला की शहरातले काही जाणकार लगेच नाक मुरडतात. "फोटो धूसर येतो हो, खेळणं आहे ते!"

बरं. मग भामरागडमध्ये ज्याला अर्धांगवायूचा झटका आला, त्याने काय करायचं? जिल्ह्याचं गाव दीडशे किलोमीटरहून लांब. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आणि मेंदूच्या पेशी मरतात मिनिटाला सुमारे १९ लाख.

सीटी स्कॅनवर रक्तस्राव दिसतो, पण गुठळीमुळे झालेलं नुकसान पहिल्या काही तासांत अनेकदा दिसतच नाही. ते दाखवतं डिफ्युजन इमेजिंग. पेशी सुजल्या की तिथल्या पाण्याची हालचाल अडते आणि तेवढा भाग पांढरा चमकतो.

आता खरी अडचण. नेहमीचं यंत्र १.५ टेस्लाचं, हे चाकांवरचं ०.०६४ टेस्लाचं. साध्या प्लगवर चालतं, हेलियम नको, खास खोली नको. पण सिग्नल मुळातच क्षीण, त्यातला बराचसा डिफ्युजन खातं. मग तेच मोजमाप पुन्हापुन्हा घेऊन सरासरी काढायची. तोवर पेशंट हलतो.

तरीही येलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं, की स्ट्रोकच्या ५० पैकी ४५ रुग्णांचं नुकसान या यंत्रावर दिसलं. खेळण्याला हे जमतं का?

पण उरलेल्या पाच जणांचं काय? त्यांना "नॉर्मल" म्हणून घरी धाडायचं?

इथेच विक्रेते पुढे येतात. "एआयने फोटो एकदम स्वच्छ!" अहो, स्वच्छ फोटो आणि खरा फोटो यात फरक असतो. मोठ्या यंत्राच्या फोटोंवर शिकलेला प्रोग्राम बारीकसा ठिपका गोंगाट समजून पुसूही शकतो, किंवा नसलेला काढूही शकतो. आधी कॉइल सुधारा, ग्रेडियंट सुधारा, बाहेरच्या विजेचा अडथळा काढा. एआय त्यानंतर. आणि एआय लावण्याआधीचा मूळ फोटोही डॉक्टरला दिसलाच पाहिजे.

युगांडातल्या मबरारा विद्यापीठात कमी ताकदीचं यंत्र सुट्या भागांतून तिथेच जोडलं गेलं. आपल्या मुंबईत 'समीर' संस्थेने १.५ टेस्लाचं देशी यंत्र बनवलं. म्हणजे डोकी आहेत, हात आहेत. नाही ती मागणी.

म्हणून आपल्या आमदारांना दोनच प्रश्न विचारा. तालुक्याला हे यंत्र कधी येणार? आणि घेण्याआधी आपल्याच पेशंटांवर, मोठ्या यंत्राशी ताडून, किती झटके हुकले ते जाहीर करणार का?

पहिला प्रश्न टाळला तर माणूस रस्त्यात जाईल. दुसरा टाळला तर रिपोर्ट हातात घेऊन.