निमंत्रण द्यायचे आणि तोंडही दाबायचे!

भंडारा-पवनी मार्गावरचे अड्याळ हे झाडीपट्टीतील गाव. दंडार आणि कीर्तन यांवर पोसलेल्या या मुलखात श्रोत्याचाही एक धर्म असतो. बुवांचे निरूपण पटले नाही, तर दुसऱ्या दिवशी पारावर त्याची यथेच्छ चिरफाड करावी. परंतु रंगात आलेल्या बुवांच्या हातातील चिपळ्या हिसकावू नयेत. एवढे साधे शहाणपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या मांडवात मात्र टिकत नाही.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. मोकळ्या श्वासाचे ते वर्ष. त्याच वर्षी पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्षपद ‘अकुलिना’कार पु. भा. भावे यांच्याकडे आले. नागपूरच्या ‘आदेश’मधून लेखणी परजलेला हा निर्भीड लेखक. चातुर्वर्ण्याविषयीच्या त्यांच्या मतांवरून काहूर उठले आणि संमेलन घोषणा व गोंधळ यांत सापडले. ज्यांच्या पिढ्यांनी जातीचे चटके सोसले, त्यांचा संताप खोटा नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. पण भाव्यांचे खंडन करायला लेखण्या नव्हत्या काय? विचारस्वातंत्र्याची जपमाळ ओढणाऱ्या तथाकथित पुरोगाम्यांना त्या दिवशी स्वातंत्र्य आठवले नाही.

हे शल्य राष्ट्रीय विचारांच्या घराघरांत अजून जपले जाते. मग जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला जे घडले, त्याकडे डोळेझाक कशी करावी?

कादंबरीकार नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी सन्मानाने बोलावले गेले. इंग्रजी लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्घाटन नको, अशी हाकाटी झाली, उधळून लावण्याची भाषा झाली आणि निमंत्रण मागे घेतले गेले. त्या मराठीच्या परक्या? त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मूळच्या कोकणातल्या मराठी घराण्यातले. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ त्यांनी इंग्रजीत नेली. सहगल यांची आजची मते राष्ट्रीय विचारांना टोचणारी आहेत, यात संशय नाही. परंतु इंदिरा गांधी सख्ख्या मामेबहीण असूनही त्यांनी आणीबाणीला उघड विरोध केला होता. ज्यांच्या घरातील कर्ता पुरुष त्या काळात ‘मिसा’खाली तुरुंगात होता, त्यांना या धैर्याचे मोल निराळे सांगायला नको.

विरोधकांनी आरडाओरड करावी, हे एकवेळ समजते. यजमानानेच पान मांडून पाहुण्याला उठवावे, याला काय म्हणावे? भाव्यांच्या वाट्याला गोंधळ तरी आला. सहगल यांना व्यासपीठाची पायरीही चढू दिली नाही.

उद्घाटन शेवटी आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील एका भगिनीच्या हस्ते झाले. तिचा मान तिला मिळालाच पाहिजे होता. पण संयोजकांच्या भीरुतेवर पांघरूण म्हणून नव्हे. आणि जे भाषण यवतमाळच्या मांडवात होऊ द्यायचे नव्हते, ते संमेलनापूर्वीच वृत्तपत्रांत छापून आले होते. एरवी ज्यांनी ते वाचलेही नसते, त्यांनीही ते वाचले.