सिनेमाही निवडून पाहू या!

शहापूर-मुरबाडच्या वाड्यावस्त्यांवर आज हातोहाती मोबाईल आहे. पण आपली मुले त्यावर जे सिनेमे पाहतात, त्यात आपली माणसे कुठे आहेत? असलीच तर हात जोडून उभी! म्हणून बांधवांनो, आमचे सांगणे आहे की सिनेमा निवडून पाहा.

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) डुकरे पकडायला जुंपलेल्या जब्याचा दगड शेवटी थेट प्रेक्षकावर येतो. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) गाण्यामुळे गटार-कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिराला कोठडीत टाकतात. तो शाहीर साकारला चळवळीतल्याच दिवंगत वीरा साथीदारांनी. आनंद पटवर्धनांचा ‘जयभीम कॉम्रेड’ (२०११) ११ जुलै १९९७ चे रमाबाई नगरातील १० शहीद विसरू देत नाही. आणि इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) पाहा. सायकल चोरीला गेली की रोजगार जातो, हे रोमच्या कामगाराचे दुःख आपल्या मजुराला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

वर्षावासात विहारात आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. तसेच महिन्यातून एका रविवारी चार कुटुंबे एका घरी जमा, सिनेमा पाहा आणि नंतर तासभर चर्चा करा. लेकींना आधी बोलू द्या. प्रबोधनाची सुरुवात तिथूनच होईल.

जयभीम!