कोट आहे, पण पाहायचा कुणी?

गिरगावातली जुनी माणसे फोर्टला ‘कोट’ म्हणत. मुलगा कोटात नोकरीला आहे म्हटले की वधूपिते घराचे उंबरठे झिजवीत! त्या कोटाच्या भिंती बार्टल फ्रियरने 1862 साली गव्हर्नर झाल्यावर पाडल्या. परंतु आतल्या बालेकिल्ल्याचा, बॉम्बे कॅसलचा, काही भाग टाउन हॉलच्या पाठीमागे अजून उभा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या वाड्याची ही जागा.

याच मुंबईतून कंपनी सरकारने 1718 साली खांदेरीवर आरमार धाडले. कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी ते हात हलवीत परत पाठविले. आणि आज त्या कॅसलात नौदलाचे जे ठाणे आहे, त्याचे नाव काय? आय. एन. एस. आंग्रे! काळाने असा सूड क्वचितच उगवला असेल. 2025 साली खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. कोळ्याच्या होडीतून तिथे जाता येते. कॅसलात मात्र लालबागच्या पोराला सहजी पाऊल टाकता येत नाही.

नौदलाने वास्तू राखली, हे खरेच. आमची मंडळी दगड दिसला की त्यावर बदामात नावे कोरतात, हेही खरे. पण म्हणून दार लावून घ्यायचे? वर्गातली पोरे शाई सांडतात म्हणून कुणी शाळा बंद करीत नाही. महिन्यातला एक रविवार द्या. नावे आधी लिहून घ्या, पिशव्या तपासा, कॅमेरे दारात ठेवून घ्या, आणि सोबत एक खलाशी द्या, मराठी बोलणारा.