डिश बंद करायच्या आधी आजीला विचारा

तुमच्याकडेही येत असेल तो मेसेज. ‘आपला रिचार्ज संपत आला आहे, अखंड मनोरंजनासाठी...’ वगैरे. आमच्या घरी तो महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास यायचा. बाबा चष्मा लावून वाचायचे, कोणाकडेही न बघता म्हणायचे, “बघतं कोण एवढं?” आणि मग गुपचूप भरायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

फेब्रुवारीत मी घरखर्चाची वही हातात घेतली. (बीए इंग्रजी केलेल्या मुलीचा गणिताशी संबंध दहावीलाच संपतो, तरीही घेतली.) हॉलमधल्या टीव्हीचे ४३० आणि आईबाबांच्या खोलीतल्या टीव्हीचे १९०, म्हणजे महिन्याचे ६२० रुपये. वर्षाचे ७,४४०. आकडा मोठ्याने वाचला तेव्हा आईने पोळी तव्यावरच ठेवून वळून बघितलं.

मग मी टीव्हीच्या खाली एक कागद चिकटवला आणि पेन दोऱ्याला बांधून ठेवलं. पंधरा दिवस जो कोणी टीव्ही लावेल त्याने चॅनेलचं नाव लिहायचं, बस. हे तुम्हीही करून बघा, फार मजा येते. आमच्याकडे दोनशेच्या वर चॅनेल येत होते आणि कागदावर नावं आली अकरा. त्यातली तीन बाबांच्या बातम्यांची. मी पंधरा दिवसांत एकदाही टीव्ही लावला नव्हता. आई मालिका बघते ती मोबाइलवर, भाजी निवडता निवडता. आणि आतल्या खोलीतला टीव्ही? त्याच्यावर तर दिवाळीपासून उशांचे अभ्रे वाळत घातले जात होते. त्याचे १९० रुपये आम्ही तरीही भरत होतो!

तो त्याच दिवशी बंद केला. त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही. तेवढ्यावर थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण मला जोर चढला होता. मी म्हटलं, हॉलमधलाही बंद करू. वायफाय आहेच, माझं काम घरून चालतं म्हणून त्याचे ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये आपण भरतोच. जुन्या टीव्हीला मागून लावायची स्ट्रीमिंग स्टिक आणू आणि जे बघायचं ते ॲपवर बघू. मार्चचा रिचार्ज केलाच नाही. स्टिकला २,८०० रुपये लागले.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही इंदूरचे मराठी. आजी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. भाजीवाल्याशी, डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी ती हिंदीत बोलते, आणि तिचं ते हिंदी ऐकून आम्ही अजूनही हसतो. घरात मी आणि बाबासुद्धा अर्धं हिंदी बोलतो. दिवसभरात आजीच्या कानावर सलग, शुद्ध, भरपूर मराठी कधी पडतं? संध्याकाळी साडेसातला मालिका लागते तेव्हा. हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. कागदावर फक्त होतं, ‘आजी, मराठी, दोन मालिका’.

डिश बंद झाली त्या संध्याकाळी तिने सवयीप्रमाणे रिमोट घेतला. तिला चॅनेलचे नंबर तोंडपाठ. समोर आले ॲपचे चौकोन. मग ‘कोण बघतंय?’ असा प्रश्न. मग शोधायची जागा, तिथे एकेक इंग्रजी अक्षर बाणाने सरकवत जायचं. मी मीटिंगमध्ये होते. बाहेर आले तर टीव्हीवर कुठल्या तरी कोरियन मालिकेची जाहिरात चालू होती आणि आजी वाती वळत बसली होती.

“अगं आजी, मला हाक मारायची ना!”

“राहू दे गं. तसेही डोळे दुखतात हल्ली.”

डोळे दुखत नव्हते, हे मलाही माहीत होतं. पण माझी वही म्हणत होती की ४३० वाचले, आणि मी वहीचं ऐकलं.

पुढचे तीन महिने मी तिला रोज साडेसातला एपिसोड लावून द्यायचे. कधी पावणेआठला, कधी साडेआठला, मीटिंग लांबली तर दुसऱ्या दिवशी. मला वाटायचं, काय बिघडलं, ॲपवर तर केव्हाही बघता येतं. पण आजीचा दिवस त्या साडेसातला टांगलेला होता. दिवा लावून झाला, कुकर झाला, की मालिका. आणि मालिका संपली की रामबागेतल्या काकूंचा फोन. दोघी एकच भाग एकाच वेळी बघायच्या आणि मग त्या सुनेचं काय चुकलं यावर अर्धा तास बोलायच्या. आता काकूंनी फोन केला की आजी म्हणायची, “सांगू नका हो, माझं बघायचं राहिलंय.” मग फोन लवकर ठेवला जायचा. मेपर्यंत तो दिवसाआड यायला लागला होता.

बरं, पैसे तरी वाचले का? हेच सांगायला आजचा लेख लिहायला घेतला.

आजीची एक मालिका एका ॲपवर, दुसरी दुसऱ्या ॲपवर. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, अशी ही वाटणी आहे. बाबांना क्रिकेट हवं. आईला आणखी एका ॲपवरचे सिनेमे. तीन सबस्क्रिप्शन मिळून आमचे महिन्याला ४१० रुपये पडले. शिवाय टीव्ही, आईचा मोबाइल आणि माझी मीटिंग एकाच वेळी चालू झाली की माझा चेहरा स्क्रीनवर गोठायचा, म्हणून वायफायचा प्लॅन वाढवला. ५९० चे ७०८ झाले. म्हणजे ४१० अधिक ११८, एकूण ५२८. आधी ६२० जात होते, तर महिन्याला वाचले ९२ रुपये. स्टिकचे २,८०० भरून निघायला अडीच वर्षं! आणि त्या ९२ रुपयांसाठी आजीची संध्याकाळ गेली होती.

बाबा हे ऐकून काही बोलले नाहीत. फक्त हसले. त्यांचं ते हसणं मला फार लागलं.

डिश किंवा केबल बंद करायचा विचार तुमच्या डोक्यात असेल, तर आधी बिल नेमकं कशाचं आहे ते बघा. फेब्रुवारी २०१९ पासून आपल्याला पाहिजे तेवढेच चॅनेल निवडायची सोय आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांनी तेव्हा कंपनीने सुचवलेलं पॅक घेतलं आणि विसरून गेलो. बिलाचे दोन भाग असतात. एक जोडणीचा, त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. ती बरीच वर्षं जास्तीत जास्त १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होती. २०२० पासून त्यात दोनशे चॅनेल बसायला लागले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता कंपनी आपला आकडा लावू शकते. तुमचा किती आहे ते विचारून घ्या. दुसरा भाग पैसे देऊन बघायच्या चॅनेलचा. प्रत्येक चॅनेलची किंमत ठरलेली असते आणि ती कंपनीच्या ॲपवर दिसते. पॅकमध्ये घालायचा चॅनेल १९ रुपयांपेक्षा महाग असता कामा नये, असा २०२२ च्या शेवटापासूनचा नियम आहे. बातम्यांचे पुष्कळ चॅनेल फुकट असतात. दूरदर्शनचे तर असतातच, सह्याद्रीला वेगळे पैसे पडत नाहीत.

आपण महाराष्ट्राबाहेरचे लोक इथे नेहमी फसतो. इंदूरला मिळणारं ‘फॅमिली पॅक’ हिंदी घराचा विचार करून बनवलेलं असतं. आपण ते घेतो आणि मराठी चॅनेल वरून जोडतो, म्हणजे दोन्हीचे पैसे. बडोद्याला, हैदराबादला, बंगळुरूला राहणाऱ्यांकडेही थोड्याफार फरकाने हेच दिसेल. पॅक सोडून थेट मराठी चॅनेल एकेक करून निवडले तर काय होतं, हे मी जूनमध्ये पहिल्यांदा मांडून बघितलं. चार मराठी चॅनेल प्रत्येकी १९ चे धरले तरी जीएसटीसह ८९ रुपये ६८ पैसे. जोडणीचे १५३ रुपये ४० पैसे. एकूण २४३ रुपये आणि काही पैसे. तेच ४३० चं पॅक होतं!

कंपनीच्या माणसाने फोनवर तीनदा विचारलं, “मॅडम, पॅक में आपको इतने चैनल मिल रहे हैं, क्यों हटा रहे हैं?” तुम्हालाही विचारतील. त्यांना नाही म्हणा, शांतपणे, आणि यादी वाचून दाखवा. ॲपवरूनही करता येतं, पण ‘एकेक चॅनेल निवडा’ ही जागा शोधायला मला वीस मिनिटं लागली.

डिश पूर्ण बंद करणं चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. माझ्या अकोल्याच्या मावशीने केली, आणि ती मजेत आहे. तिने डीडी फ्री डिश बसवली. छत्री, बॉक्स आणि बसवायची मजुरी मिळून एकदाच सतराशे रुपये गेले, त्यानंतर महिन्याचं बिल नाही. दूरदर्शनची ही सेवा २००४ पासून आहे आणि शहरातल्या लोकांना ती गावाकडची गोष्ट वाटते, का कोण जाणे. तिच्यावर सह्याद्री दिसते, हिंदी बातम्या दिसतात, जुने सिनेमे दिसतात. भारतात होणारे भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी सामने डीडी स्पोर्ट्सवर दिसतात. हेच सामने खासगी डिशवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दिसत नाहीत, तिथे खेळांच्या चॅनेलचे पैसे भरावे लागतात. घेताना एमपेग फोरचा बॉक्स मागा, जुन्या प्रकारच्या बॉक्सवर काही चॅनेल येत नाहीत. खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने ठरतात, त्यामुळे आज दिसतो तो पुढच्या वर्षी नसेलही. मोठ्या मराठी चॅनेलच्या ताज्या मालिका तिथे मिळतील अशी आशा ठेवू नका. मावशीला त्याचं काही नाही. ती दाराबाहेर पाऊल टाकते तिथूनच तिचं मराठी सुरू होतं, आणि संध्याकाळी तिच्या ओट्यावर चार बायका जमतात. आजीच्या वाट्याला ते इंदुरात नाही.

छत्रीसुद्धा नको असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. त्यावर दूरदर्शनचे चॅनेल चालू दिसतात.

ॲपच्या सबस्क्रिप्शनबद्दल एकच सांगते, ऑटोपे. आईचं सिनेमांचं ॲप तिने एप्रिलनंतर उघडलंच नव्हतं आणि पैसे जूनमध्येही गेले. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तसा मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि मेसेज आलाही होता. आम्ही वाचला नव्हता. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेली जागा असते, ती आज उघडून बघा. मी उघडली तेव्हा माझ्या नावावर इंग्रजी शब्दसंग्रह वाढवणारं एक ॲप निघालं, कॉलेजात असताना घेतलेलं. त्यावर मी अधिक बोलणार नाही.

सध्या आमच्याकडे असं चाललंय. हॉलमध्ये डिश, २४३ रुपये. ॲप एका वेळी एकच, क्रिकेटचा हंगाम असला की बाबांचं, नसला की आईच्या पसंतीचं, सरासरी १२० रुपये. वायफाय परत ५९० वर आणलं. म्हणजे ६२० च्या जागी ३६३, महिन्याला २५७ रुपये कमी, वर्षाला तीन हजारांच्या थोडं वर. स्टिक फुकट गेली नाही, आई रविवारी तिच्यावर सिनेमा लावते. मात्र यातले १९० तर पहिल्याच दिवशी वाचले होते, अभ्रे वाळत घालायचा टीव्ही बंद केला तेव्हा.

जूनमध्ये डिश पुन्हा सुरू केली तो दिवस मी आजीला आधी सांगितला नव्हता. साडेसातला तिच्या हातात रिमोट दिला. तिने माझ्याकडे बघितलं, मग जुना नंबर दाबला. चॅनेल लागला.

“किती पैसे?” तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

“आधीपेक्षा कमी.”

“खोटं बोलतेस.”

वही आणून दाखवली तेव्हा विश्वास बसला. आषाढी एकादशीला पहाटे तिने सह्याद्री लावून पंढरपूरची महापूजा बघितली, आवाज मोठा करून, त्यामुळे आम्हीही सगळे उठलो. बाबा चहा घेऊन तिच्या शेजारी बसले.

रिमोटच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यावर ठळक अक्षरात सहा नंबर आहेत. चार मालिकांचे, एक सह्याद्रीचा, एक बाबांच्या बातम्यांचा. रात्री आठ वाजता रामबागेतून फोन येतो, आणि माझी मीटिंग चालू असली तर मला उठून दार लावून घ्यावं लागतं.