रिकामी ऑफिसे आणि सफाईचा धंदा : पार्सिपनीत गिऱ्हाईक कुठे आहे?



गेली दोन-तीन वर्षे आपल्या कार्यक्रमांत, विशेषतः जेवणाच्या रांगेत, एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "नोकरीचं काही खरं नाही हो. ऑफिसं साफ करून द्यायचा धंदा काढला तर? पार्सिपनीत ऑफिसं तर ढिगाने आहेत!" विचारणाऱ्यांत कोणी आयटीतून ले-ऑफ झालेले असतात, कोणी मुले मोठी झाल्यावर स्वतःचे काहीतरी करू पाहणाऱ्या गृहिणी असतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात घरची शिल्लक घालायची असते, म्हणून हिशोब आधी मांडलेला बरा.

ढिगाने ऑफिसे, पण माणसे कुठे आहेत?

रूट ८०, २८७, ४६ आणि १० यांच्या बेचक्यात वसलेले आपले गाव. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५६,१६२. एवढ्याशा गावात झोएटिस, विंडहॅम हॉटेल्स, एव्हिस बजेट, टेव्हा अशा कंपन्यांची मोठी ऑफिसे आहेत. इंटरपेस पार्कवे किंवा सिल्व्हन वे वरून गाडी काढली की काचेच्या इमारती बघून वाटतेच, यातली एक मिळाली तरी पुरे!

पण २०२० च्या कोविडनंतर या इमारतींचे गणित बदलले. बऱ्याच कंपन्यांची माणसे आठवड्यातून दोन-तीन दिवसच येतात. लॅनिडेक्स प्लाझाच्या भागात जुनी ऑफिसे पाडून अपार्टमेंट झाली, जेफरसन रोडवर यूपीएसचे अवाढव्य केंद्र उभे राहिले. सफाईचे बिल दोन गोष्टींवर ठरते : किती स्क्वेअर फूट आणि आठवड्यातून किती वेळा. मजला रिकामा झाला की पहिली कात्री या दुसऱ्या आकड्याला लागते. पाच रात्रींच्या तीन रात्री होतात आणि ठेकेदाराचे उत्पन्न तेवढ्याच प्रमाणात उतरते.

शिवाय या मोठ्या इमारतींचे काम आधीच मोठ्या ठेकेदारांकडे आहे. निर्णय भाडेकरू कंपनी घेत नाही, बहुधा इमारत सांभाळणारी मॅनेजमेंट कंपनी घेते. उत्तर न्यू जर्सीतल्या अनेक मोठ्या इमारतींतले सफाई कामगार ३२बीजे या युनियनमध्ये आहेत. त्यात २०२३ च्या जुलैमध्ये राज्याने एक कायदा केला. एक लाख स्क्वेअर फुटांपेक्षा मोठ्या ऑफिस इमारतीचा सफाईचा ठेका हातबदल झाला, तर नव्या ठेकेदाराने जुन्या कामगारांना निदान ६० दिवस कामावर ठेवायचे. म्हणजे "मी माझी चार माणसे आणून स्वस्तात करतो" हा डाव तिथे चालत नाही. रात्री तिथे राबणाऱ्या माणसाची भाकरी एका सहीने जाऊ नये, यासाठीच तो कायदा आहे. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही. पण नवख्याने त्या दारात उभे राहून वेळ घालवू नये, एवढे त्यातून निश्चित कळते.

मग काम आहे तरी कुठे?

एकदा लेक हायवाथाच्या नॉर्थ बेव्हरविक रोडवर किराणा आणायला जाल तेव्हा दुकानांच्या पाट्या नीट वाचा. तसेच रूट ४६ आणि लिटलटन रोडवर. डेंटिस्ट, मुलांचे डॉक्टर, फिजिकल थेरपी, सीपीए, विमा एजंट, डे-केअर, नृत्याचे आणि कराटेचे क्लास, देवळे. या जागा घरून काम करण्याच्या नाहीत. दात काही झूमवर काढता येत नाही! आणि निर्णय घेणारा माणूस त्याच चार भिंतींत बसलेला असतो.

अशा ठिकाणी पत्रके टाकून फारसे काही होत नाही. दुपारी गर्दी नसताना आत जा आणि ऑफिस मॅनेजरला दोनच मिनिटे मागा. "आम्ही स्वस्तात करतो" असे म्हणू नका. "सध्याच्या सफाईत तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकते?" असे विचारा. कोणी सांगेल, बाथरूमचे कोपरे. कोणी म्हणेल, माणूस कधी येतो आणि कधी येत नाही तेच कळत नाही. ते वहीत लिहून घ्या, आभार माना आणि निघा. आठवड्याने त्याच तक्रारीचे उत्तर देणारे एक पानी कोटेशन घेऊन परत जा. आज नाही म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी जुन्या ठेकेदाराला कंटाळतो, तेव्हा त्याला ही वही आठवते.

दुसरी गोष्ट, पाच मैलांच्या बाहेर जाऊ नका. एक गिऱ्हाईक पार्सिपनीत, दुसरे एडिसनला असेल तर नफा रूट २८७ वरच सांडतो. त्याऐवजी एकाच स्ट्रिप मॉलमधली तीन दुकाने धरली तर एक गाडी, एक व्हॅक्यूम आणि दोन माणसांत तिन्ही होतात. पहिले काम चांगले झाले की शेजारच्या दुकानात तुमचे नाव आपोआप पोचते.

"आपलाच माणूस" : सोय की सापळा?

पहिले गिऱ्हाईक बहुतेक वेळा ओळखीचेच असते. मंडळातल्या डॉक्टर काकू, देवळाचे ट्रस्टी, मुलांच्या क्लासचे मालक. यात कमीपणा काहीच नाही. पण लगेच शब्द येतो, "आपल्यातलेच आहात, जरा कमी करा." इथे जपायला हवे. पहिल्या गिऱ्हाइकाला दिलेला भाव हाच तुमचा भाव म्हणून गावभर होतो. सवलतीऐवजी एक पाहुणचार करा : पहिल्या महिन्यात कार्पेट एकदा फुकट धुऊन द्या आणि बदल्यात शिफारसपत्र मागा. ते पत्र अमेरिकन डेंटिस्टच्या दारात उपयोगी पडते, सवलत कुठेच पडत नाही.

भाव का पाडू नये, ते आकड्यांत पाहू. समजा ५,००० स्क्वेअर फुटांचे ऑफिस आहे, आठवड्यातून पाच रात्री. एक माणूस तासाला २,५०० फूट करतो असे धरले तर रात्रीचे दोन तास, महिन्याचे सुमारे ४३ तास. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १५.९२ डॉलर आहे (सहापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकांना थोडे कमी). पण त्या पैशात चांगला माणूस टिकत नाही. १८ डॉलर धरा, म्हणजे सुमारे ७८० डॉलर. त्यावर मालकाचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्के वाटा, बेकारी विमा आणि सक्तीचा वर्कर्स कॉम्प. शिवाय २०१८ पासून लागू झालेली आजारपणाची पगारी रजा, दर ३० तासांमागे एक तास. हे सगळे मिळून २० टक्के धरले तर ९३५ च्या पुढे गेलो. साबण, पिशव्या, पेट्रोल, लायबिलिटी विमा, फोन हे अजून यायचेच आहेत. तेव्हा १,३०० डॉलरच्या आसपासचे कोटेशन हे प्रामाणिक कोटेशन. जो ७०० म्हणतो, तो एकतर बुडणार, नाहीतर कामगाराला बुडवणार.

आणखी एक खाचखळगा म्हणजे सेल्स टॅक्स. सफाईची सेवा न्यू जर्सीत करपात्र आहे, दर ६.६२५ टक्के. कोटेशनवर "अधिक सेल्स टॅक्स" लिहायला विसरलात तर तो तुमच्या खिशातून जातो. देवळे, शाळा यांना सूट असते, पण त्यांच्याकडून एसटी-५ हा दाखला घेऊन फाइलमध्ये ठेवावा लागतो.

डॉक्टरांकडचे काम घ्यायचे तर

दवाखान्यात रक्त किंवा सुया यांच्याशी संबंध येण्याची शक्यता असेल, तर ओशाच्या १९९१ च्या नियमाप्रमाणे कामगाराला प्रशिक्षण आणि मालकाच्या खर्चाने हेपटायटिस बी ची लस देऊ करावी लागते. लाल पिशवीतल्या कचऱ्याला सफाईवाल्याने हात लावायचा नाही, हे करारातच लिहा. बहुतेक छोटे ठेकेदार याबद्दल बोलतच नाहीत. तुम्ही स्वतःहून बोललात तर ऑफिस मॅनेजर कान टवकारते. जाहिरातीत न मिळणारा विश्वास इथे मिळतो.

तयार गिऱ्हाइके विकत घ्यावीत का?

काही कंपन्या फ्रँचायझी विकतात : इतके हजार भरा, गिऱ्हाइके आम्ही आणून देऊ. ज्याला दारोदार जायचा संकोच आहे त्याला हे गोड वाटते. पण मॅसॅच्युसेट्समधला कव्हरॉल कंपनीचा खटला आठवावा. २०१० मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ठरवले की हे फ्रँचायझीवाले कायद्याने स्वतंत्र धंदेवाले नसून कामगारच आहेत. २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा माणसांकडून काम मिळण्यासाठी फ्रँचायझी फी घेता येणार नाही. राज्याराज्याचे कायदे वेगळे आहेत, सगळ्या फ्रँचायझी सारख्या नसतात. तरी सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवाच, आणि एक प्रश्न जरूर विचारा : गिऱ्हाईक सोडून गेले तर ते नाव कोणाचे, माझे की तुमचे?

व्हिसाचे काय?

हे स्पष्टच लिहितो. एच-१बी वर असलेल्याने "बायकोच्या धंद्यात जरा मदत" म्हणून रात्री मॉप हातात घेणे धोक्याचे आहे. तो व्हिसा ज्या कंपनीचा, काम तिचेच. मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना वर्क परमिट मिळते आणि त्यावर स्वतःचा धंदा करता येतो. मात्र ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. कार्डाची तारीख संपली आणि नवे आले नाही, तर त्या दिवसापासून काम थांबवावे लागते. गिऱ्हाइकाची कचरापेटी मात्र थांबत नाही. तेव्हा अर्ज वेळेत करा आणि त्या काळात काम सांभाळील असा विश्वासू माणूस आधीच तयार ठेवा. कामगार ठेवताना आय-९ फॉर्म प्रत्येकाचा भरायचा, ओळखीचा असला तरी.

लोक काय म्हणतील?

हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण मनात असतो. गाडगेबाबांच्या खराट्याला आपण हात जोडतो, पण तो मुलाच्या हातात बघवत नाही. आपल्याकडे सफाई शतकानुशतके जातीला बांधून ठेवली, त्याची ही खूण आहे.

याच मातीतून आलेले एक उदाहरण देतो. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड टेल्कोत इंजिनिअर होते. १९९७ मध्ये त्यांना पुण्याच्या इंडिका प्रकल्पात सफाईचे काम मिळाले. ज्या कंपनीने त्यांचे काम रोज पाहिले होते, तीच पहिले गिऱ्हाईक झाली. पुढे त्यांची बीव्हीजी कंपनी संसद आणि राष्ट्रपती भवनापर्यंत पोचली. आपल्यापैकी प्रत्येकाला तिथवर जायचे नाही. पण पहिले गिऱ्हाईक आपले काम ओळखणाऱ्यांतूनच येते, ही गोष्ट पिंपरीत खरी ठरली तशी पार्सिपनीतही खरी आहे.

आणि एक. तुमच्याकडे कामाला येणारी बाई कदाचित शेजारच्या डोव्हर गावातून येईल, दिवसाची एक नोकरी संपवून. आपणही या देशात कोणाच्या तरी दारात काम मागतच आलो. तिचा पगार वेळेवर आणि पूर्ण द्या. ती टिकली तर गिऱ्हाईक टिकते. या धंद्यात नवीन गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा असलेले राखणे स्वस्त पडते, आणि ते राखणारे हात तिचे असतात.

तेव्हा काचेच्या इमारतींकडे बघत बसू नका. येत्या शनिवारी वही घेऊन नॉर्थ बेव्हरविकवर एक चक्कर मारा, कोणकोणती ऑफिसे आहेत ते टिपून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात दुपारच्या वेळी पहिल्या पाच दारांत जा.



आपला एक पार्सिपनीकर