नकाशा नको, वार सांगा

पावसाच्या पहिल्या दोन-चार सरी पडल्या की पुण्यात दोन गोष्टी उगवतात. टेकड्यांवर टाकळा आणि मोबाइलवर ‘पुण्यातल्या दहा हटके जागा’. टाकळ्याची निदान भाजी होते. यादी मात्र दरवर्षी नवी म्हणून येते आणि आत माल तोच: एक धबधबा, एक धरणाचा काठ, डोंगरातलं एक देऊळ, गच्चीवरचं एक कॉफीचं दुकान आणि तंबूत राहायची सोय असलेलं कुणाचं तरी शेत. दहातल्या निम्म्या जागा पुण्यात नसतातच. त्या मुळशीत, मावळात नाहीतर भोरकडे असतात. याद्यांवरचा या सदराचा राग जुना आहे आणि नेहमीचे वाचक एव्हाना त्याला सरावले असतील. या आठवड्यात तो पुन्हा उफाळला, कारण ही यादी ज्याच्या हातात पडते त्याची दया आली. जून-जुलैत शिक्षणाला, नोकरीला पुण्यात उतरलेला हा माणूस लातूरचा असेल, अमरावतीचा असेल, पाटण्याचाही असेल. वाकडला किंवा खराडीला तिघांत एक फ्लॅट घेऊन राहतो. मॉल आता त्याच्या गावीही झाला आहे, शनिवारवाडा पहिल्याच महिन्यात बघून झाला. सुट्टीच्या दिवशी त्याला काहीतरी वेगळं करायचं असतं. इथवर त्याचं सगळं बरोबर आहे. घोळ घालते ती यादी, कारण ती त्याला पत्ता देते आणि वार देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की शहरातल्या खऱ्या वेगळ्या गोष्टी बहुतेक वेळा जागेला बांधलेल्या नसतात, वेळेला बांधलेल्या असतात. जुना बाजार घ्या. मंगळवार पेठेजवळ भरणारा हा बाजार बुधवारी आणि रविवारी असतो. (पेठांना वारांची नावं देणाऱ्या गावाने मंगळवार पेठेच्या अंगाला बुधवारी बाजार भरवावा, यात पुण्याचा सगळा स्वभाव आला.) सोमवारी तिथे गेलात तर नुसती रहदारी दिसेल आणि मोबाइलमधली बाई सांगेल की आपण इच्छित स्थळी पोचला आहात. बुधवारी त्याच जागी ताडपत्र्या अंथरलेल्या असतात. त्यांवर किल्लीवाचून कुलपं आणि कुलपावाचून किल्ल्या, बंद पडलेली मनगटी घड्याळं, नळाच्या तोट्या, पाने, पकडी, मूठ नसलेल्या करवती, जुनी नाणी आणि जुनी म्हणून खपवलेली नाणी. विकणारा वस्तूचं वर्णन करत बसत नाही. उचला, बघा, बोला. घेणाऱ्यांत शौकीन थोडे. जास्त करून अमुक मापाचा पाना हुडकणारा गॅरेजवाला, जुन्या मोटरीतलं तांबं न्याहाळणारा रिवाइंडिंगवाला आणि नाटकाच्या नेपथ्यासाठी कंदील शोधत आलेली कॉलेजची पोरं. नव्या माणसाला अर्ध्या तासात शहराचा जेवढा कामकरी थर इथे दिसतो तेवढा गच्चीवरच्या कॉफीच्या दुकानात वर्षभर बसून दिसायचा नाही.

असं शहरभर आहे, आणि सालभर आहे. नव्याला पुण्याचा एकच वार लवकर कळतो, तो गुरुवार. कारण दुरुस्तीसाठी पाणी बंद असल्याची बातमी येते ती बहुधा त्या वाराची. बाकीचं वेळापत्रक त्याला कुणी सांगत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मेच्या संध्याकाळी टिळक स्मारक मंदिरात चालते. दीडशे वर्षं एखादं शहर उन्हाळ्यात घाम पुसत भाषणं ऐकत आलं आहे, याहून हटके काय असायचं? ज्येष्ठ वद्यात आळंदी आणि देहूच्या पालख्या मुक्कामाला येतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाकडे. लोक पालखी बघायला रस्त्यावर दुतर्फा उभे राहतात आणि ती पुढे गेली की घरी जातात. खरी गंमत दुसऱ्या दिवशी, पालख्या हलत नाहीत तेव्हा, पेठांच्या फुटपाथवर असते. कुणी न्हावी खुर्ची मांडून वारकऱ्यांच्या दाढ्या फुकट करतो, कुणी चपलांचे तुटलेले अंगठे शिवून देतो, कुणी तेलाची बाटली घेऊन म्हाताऱ्यांचे पाय चोळत बसतो. मग पाऊस लागतो, खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडलं याचे आकडे येऊ लागतात, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि निम्मं डेक्कन लकडी पुलाच्या कठड्याशी पाणी बघत उभं राहतं. त्याच सुमाराला नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. गणपतीतला ढोल सगळ्यांना ठाऊक असतो, पण अजून हात बसलेला नाही, ठोका चुकतोय आणि ताशावाला वैतागून पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगतोय, ही संध्याकाळ ऐकायला गणेशोत्सवाच्या आधीच जावं लागतं. थंडीत सोलापूर रस्त्यावरच्या कवडीपाटला चक्रवाक उतरतात. तिथे मुळा-मुठेच्या पाण्याला पुण्याने वर जे काही सोडलेलं असतं त्याचा वास असतो, फेस असतो, आणि त्याच पाण्यात नारिंगी अंगाची ती बदकं सकाळच्या उन्हात निवांत चरत असतात. मे महिन्यात जाल तर त्यातला फक्त वास उरतो.

वाराचा दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. धबधबा एकदा बघून होतो. त्याचा फोटो निघाला की तो यादीतून कटाप, पुढच्या रविवारी पुढचा. बाजार मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो आणि व्याख्यान उद्या पुन्हा असतं. नव्या शहरात माणसाला खरी वाण असते ती ओळखीच्या चेहऱ्यांची, आणि ओळख एका भेटीत होत नाही. त्याच ताडपत्रीशी तिसऱ्यांदा उभं राहिलेल्याला विक्रेता दर कमी करील न करील, ‘आज उशीर केला’ एवढं तरी म्हणतो. व्याख्यानमालेत रोज शेजारच्या खुर्चीवर बसणारे आजोबा चौथ्या दिवशी वक्त्याबद्दलचं आपलं मत, न विचारता, कानात सांगतात. पुण्यात याला मैत्रीच म्हणतात. ज्या गोष्टीला ठरलेला वार आहे तिथे माणसं पुन्हा येतात, आणि पुन्हा येणाऱ्यांतच नव्याला जागा मिळते. दहा जागांच्या यादीने दहा फोटो मिळतात. बरोबर गेलेले तिघे तेच, फ्लॅटवरचे.

तिसरा मुद्दा गंभीर आहे. १५ जून २०२५ ला, रविवारी, तळेगावजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी ३० जूनला, तोही रविवारच, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ही माणसं कुठली यादी वाचून गेली होती असं म्हणायला आधार नाही, आणि मी ते म्हणतही नाही. पण सगळ्यांना एकच जागा सांगायची आणि वेळ सांगायची नाही, म्हणजे सगळे आपापल्या सुट्टीला, पाऊस टिपेला असताना, दुपारी बाराच्या सुमाराला तिथेच पोचणार हे उघड आहे. यावर कुणी म्हणेल, पालखीला याच्या शेकडो पट गर्दी असते, तिचं काय? असते. पण त्या गर्दीला यजमान आहे. दिंड्यांना क्रमांक आहेत, चोपदार आहेत, वाटेवरच्या मंडळांनी पाण्याची, जेवणाची कामं वाटून घेतलेली आहेत. ठरल्या वेळी घडणाऱ्या गोष्टीच्या मागे ती घडवणारं कुणीतरी असतं. ओढ्याला यजमान नसतो. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीहुकूम तेवढा असतो, आणि तो यादीत छापलेला नसतो.

आता आक्षेप. पहिला नोकरदारांचा: आठवडाभर आम्ही हिंजवडीच्या रहदारीत असतो, तुमचा बुधवार आमच्या काय कामाचा? आक्षेप वाजवी आहे, पण वाटतो तेवढा भारी नाही. जुना बाजार रविवारीही भरतो, कवडीपाटचे पक्षी शनिवार-रविवार पाळून उडून जात नाहीत, ढोलाचा सराव संध्याकाळचाच असतो. उलट कवडीपाट उरकून नऊला घरी परतता येतं. मुळशीच्या धबधब्याला गेलेला माणूस त्या वेळी चांदणी चौकात अडकलेला असतो. हिंजवडीहून संध्याकाळच्या व्याख्यानाला पोचणं मात्र अवघड आहे, हे मान्य करायलाच हवं. त्याचा इलाज रानड्यांकडेही नसता.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. पाटण्याहून आलेल्या मुलाला हे सगळं कळणार कसं? व्याख्यान मराठीत, एकांकिका मराठीत, आणि तारखा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘आजचे कार्यक्रम’ या मथळ्याखाली मुंगीच्या अक्षरात. यात दोष शहराचा आहे आणि त्याची वकिली करण्यात अर्थ नाही. पुणं आपल्या चांगल्या गोष्टी लपवत नाही, पण सांगतही नाही. ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत असतंच, अशी इथली समजूत आहे. चौकाचौकांत नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स वीस फुटी लागतात आणि व्याख्यानमालेचा कार्यक्रम सभागृहाच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. तरीही भाषेचा अडसर अर्ध्याच यादीला आहे. बाजाराला, पक्ष्यांना, पुराच्या पाण्याला, पालखीला मराठी येण्याची अट नाही. पालखीच्या दिवशी कुणाच्या हातात लाडवांची परात दिली तर वाटप कुठल्या भाषेत करायचं असा प्रश्न पडलेला ऐकिवात नाही. आणि उरलेल्या अर्ध्यासाठी थोडी भाषा शिकावी लागली, तर दोन-चार वर्षं जिथे राहायचं तिथे ते फार महाग पडू नये.

तिसरा आक्षेप पुणेकरच घेतील: यात हटके काय आहे, हे तर नेहमीचंच. तेच तर! मुद्दाम हटके म्हणून घडवलेली गोष्ट सगळ्या शहरांत एकसारखी असते; इंदूरच्या गच्चीवरची आणि बाणेरच्या गच्चीवरची कॉफी डोळे मिटून ओळखून दाखवावी. जे एका शहरात नेहमीचं आणि बाकी कुठेच नाही, ते नव्याला नवल. पुरुषोत्तम करंडकाचंच बघा. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था कॉलेजांची ही एकांकिका स्पर्धा भरवते. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या दारात टेम्पोतून नेपथ्य उतरत असतं, एक कॉलेज ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा फोडत असतं आणि दुसरं त्याच्याहून मोठ्याने त्याला उत्तर देत असतं. आत मात्र, पडदा वर गेला की, टाचणी पडली तर ऐकू यावी. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं महिनाभर झोपलेली नसतात, संहितेवर भांडलेली असतात, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांत निम्मे लोक विसाव्या वर्षी याच रंगमंचावर हरून गेलेले असतात. त्यामुळे टाळी मिळणं सोपं नसतं.

परीक्षकांचं तर विचारूच नका. २०२२ साली त्यांनी अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. मग वाद पेटला. पोरांचा हिरमोड करणारे तुम्ही कोण, असं एक बाजू म्हणाली. दर्जा नसताना करंडक वाटायचा म्हणजे तो पेलाच झाला, असं दुसरी म्हणाली. मला विचाराल तर परीक्षकांनी हात थोडा सैल सोडायला हवा होता. विसाव्या वर्षी सगळ्यांत चांगलं करून दाखवलं त्याला त्या सालचा करंडक द्यावा, मागच्या सालांशी तुलना त्यांनी घरी जाऊन करावी. पण कॉलेजच्या पोरांच्या एकांकिकांवरून सबंध गाव हमरीतुमरीवर येतं, हे नव्याने एकदा डोळ्यांनी बघावं. प्राथमिक फेरी ऑगस्टच्या आसपास असते. तारखा आतल्या पानावर येतात, मुंगीच्या अक्षरात.