जिमला कुलूप लागलं, वर्षभराच्या फीचं काय?

अहिल्यानगर : संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, श्रीगोंदा, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, स्टँडजवळ एक तरी जिमचा बोर्ड दिसतोच. पोलीस आणि लष्कर भरतीची तयारी करणारी खेड्यातली पोरं तिथे येतात. गावच्या तालमीत जोर-बैठका मारायला पावती फाडावी लागत नव्हती. इथे मात्र पहिल्याच दिवशी 'वर्षाचे एकदम भरा, स्वस्तात बसवतो' अशी ऑफर पुढे येते. उसाचं नाहीतर कांद्याचं पेमेंट हातात असलं की बापही फी भरून मोकळा होतो. आणि अशी जिम मध्येच बंद पडली, मशीन टेम्पोत गेल्या, मालकाचा फोन लागेना, की पोरांनी करायचं काय?

हे फक्त छोट्या जिमचंच होतं असं नाही. तळवलकर हे व्यायामशाळेतलं राज्यातलं जुनं नाव, 1932 पासूनचं. 2010 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. 2019 मध्ये तिची कर्जाची देणी थकली आणि पुढे एकेक शाखा बंद पडत गेली. वर्षाची फी आधीच भरलेले सभासद दारात उभे राहिले. त्यानंतर कोरोना आला. मार्च 2020 मध्ये बंद झालेल्या राज्यातल्या जिम उघडल्या थेट 25 ऑक्टोबरला, दसऱ्याला. भाडं आणि मशीनचे हप्ते तेवढे महिने अंगावर घेऊन टिकणं सगळ्यांना जमलं नाही.

आपल्या जिल्ह्याला बुडणं म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे. नगर अर्बन बँकेचं लायसन्स रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केलं. पण तिथे निदान 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच होतं. जिमच्या फीला असं काहीच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या राज्यात जिमवाल्याला सरकारकडे हमीचा बाँड द्यावा लागतो, बंद पडली तर सभासदांना त्यातून पैसे मिळू शकतात. आपल्याकडे जिमसाठी असा वेगळा कायदा नाही. म्हणजे आगाऊ फी हे सरळ सरळ उधार दिलेलं असतं, फक्त तसं कोणी म्हणत नाही.

तरी हात बांधलेले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 इथे लागू होतो. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर ती सेवेतली त्रुटी ठरते. पावतीवर 'फी परत मिळणार नाही' छापलंय म्हणून कायदा बाजूला पडत नाही, कारण इथे सोडून गेला तो मालक, सभासद नव्हे. उरलेल्या महिन्यांचे पैसे मागता येतात. नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. ई-जागृती पोर्टलवर मोबाईलवरूनही तक्रार दाखल होते. जिम पुण्यात असली तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात दावा चालतो, हे फार जणांना माहीत नसतं. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाईनला फोन करून पाहावा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. एकाच जिमची वीस पोरं असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार होऊ शकते.

खरी गोम पुढे आहे. आदेश मिळाला तरी पैसे मिळतातच असं नाही. हॉल भाड्याचा आणि मशीन बँकेच्या कर्जातल्या असतील तर जप्त करायला उरतं काय? जिम एकट्याच्या नावावर किंवा भागीदारीत असेल तर निदान मालकाची स्वतःची मालमत्ता जबाबदार धरता येते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर साधारणपणे कंपनीच्या मालमत्तेपुरतंच. ती दिवाळखोरीत गेली की ग्राहक आयोगातला दावाही थांबतो, आणि वाटपाच्या रांगेत बँका पुढे, सभासद पार मागे. आयोगाचा आदेश कोणी धाब्यावर बसवला तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान 25 हजार दंड, किंवा दोन्ही, एवढा धाक कायद्यात आहे.

बंद करायचं ठरल्यावरही कोणी वर्षाच्या फी गोळा करत राहिला असेल तर ती फसवणूक, त्यासाठी पोलीस ठाण्यात जाता येतं. नुसता धंदा तोट्यात गेला म्हणून मात्र गुन्हा होत नाही. हा फरक पोलीसही सांगतात आणि तो खराच आहे.

दुसरा मालक त्याच हॉलमध्ये नवा बोर्ड लावतो आणि जुनी कार्डं चालणार नाहीत म्हणतो, हेही होऊ शकतं. त्याने जुना धंदा देण्याघेण्यासकट घेतलाय की फक्त जागा, यावर सगळं ठरतं. त्यामुळे पावतीवर नाव कोणाचं आहे हे पैसे भरतानाच बघायला हवं. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या वेबसाईटवर तो टाकला की मालकाचं कायदेशीर नाव दिसतं. रोख दिले असतील आणि पावती नसेल तर दावा लंगडा पडतो. यूपीआयने दिले असतील तर मोबाईलमधली नोंद पुरावा म्हणून चालते.

फी फायनान्सवर हप्त्याने घेतली असेल तर जिम बंद पडली म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. तो परस्पर चुकवला तर सिबिल बिघडतं आणि उद्या ट्रॅक्टरचं कर्ज अडतं. फायनान्स कंपनीला आधी लेखी कळवावं, तक्रारीत तिलाही पार्टी करता येतं. तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि ती जिम बंद पडली त्या दिवसापासून मोजायला धरावी.